आजीवक संप्रदाय

प्राचीन भारतातील एक अवैदिक श्रमण संप्रदाय. इ. स. पू. सहाव्या-पाचव्या शतकांत मगध व कोसल या प्रदेशांत तो पुढे आला आणि बौद्ध व जैन या दोन्ही संप्रदायांचा त्यांच्या आरंभकाळातील प्रबळ प्रतिस्पर्धी ठरला. मक्खली गोसाल (संस्कृत : मस्करी गोशाल) हा त्याचा सर्वांत प्रसिद्ध आचार्य. विश्वातील प्रत्येक घटना नियतीने ठरलेली आहे आणि मानवी प्रयत्नाने तीत यत्किंचितही फरक पडत नाही, हे या संप्रदायाचे मध्यवर्ती मत होय. मौर्यकाळानंतर उत्तर भारतात त्याला उतरती कळा लागली. दक्षिणेत मात्र तो चौदाव्या शतकापर्यंत तग धरून होता, असे दिसते. इतका दीर्घकाळ नांदलेल्या या संप्रदायाचा एकही ग्रंथ आज उपलब्ध नाही.

संप्रदायाचे नाव पाली ग्रंथांत ‘आजीवक’ व जैन ग्रंथांत आणि शिलालेखांत ‘आजीविक’ असे आढळते. ‘आजीव’ म्हणजे उपजीविकेचे साधन किंवा जीवनक्रम. संन्यासाचा उपयोग केवळ पोट भरण्यासाठी करणारे ते आजीवक, असा विरोधकांचा रोख होता. उलट, विशिष्ट जीवनक्रम व्रत म्हणून पाळणारे किंवा आजन्म व्रतस्थ राहणारे, अशाही व्युत्पत्ती विद्वानांनी सुचविल्या आहेत. मूळचे हेटाळणीचे नाव संप्रदायाने पुढे स्वतःच स्वीकारले असावे. कारण राजांनी दिलेल्या दानलेखांत त्यांचा उल्लेख याच नावाने झालेला आहे.

आजीवकांविषयीची जवळजवळ सर्व माहिती त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांनी लिहून ठेवलेली आहे. पाली त्रिपिटक व त्यावरील अट्ठकथा, श्वेतांबर जैनांची आगमे व त्यांवरील टीका, तमिळमधील जैन, बौद्ध व शैव ग्रंथ ही त्याची प्रमुख साधने. लोकायतमताचीही स्थिती अशीच आहे; पण लोकायतांना मठ, भिक्षुसंघ किंवा राजाश्रय असल्याचे फारसे दाखले मिळत नाहीत, तर आजीवकांजवळ हे सर्व होते. प्रतिपक्षाच्या साक्षीवरून वादीचे म्हणणे ठरवावयाचे, ही या विषयाच्या अभ्यासातील मुख्य अडचण आहे. विरोधकांच्या कथा किती सावधपणे घ्यावयास हव्यात, याचे एक उदाहरण पुरेसे आहे. ‘मक्खली’ या नावाचा उलगडा करताना बुद्धघोष सांगतो, की हा मुळात एक दास होता. तेलाचे भांडे घेऊन चिखलातून जात असता धन्याने त्याला ‘बाबा, घसरू नकोस’ अशा अर्थाचे शब्द (‘मा खलि’) उच्चारून बजावले. तरी तो घसरला, पळू लागला, धन्याने वस्त्राचा शेव पकडला, तेव्हा वस्त्र टाकून तो नग्नच पळाला आणि लोक त्याला साधू समजून पुजू लागले. शब्दसाम्यावर रचलेली ही चेष्टा आहे, इतिहास नव्हे. व्याकरणकार पतंजलीने मात्र याच नावाचा विचार अधिक गंभीरपणे केला आहे. पाणिनीने ‘मस्करिन्’ हा शब्द परिव्राजकवाचक म्हणून सिद्ध केलेला आहे. हातात वेळूचा दंड (मस्कर) असतो एवढ्यावरून कोणी मस्करी ठरत नाही. कर्मे करू नका, शांतीच तुम्हाला श्रेयस्कर आहे, असे जो सांगतो तो मस्करी, असे महाभाष्यात म्हटले आहे. आजीवकमताचे हे बहुधा सर्वांत त्रोटक आणि सर्वांत निर्वैर असे वर्णन होय.

गोसाल ज्या काळात वावरला, तो गंगेच्या खोऱ्यातील वैचारिक मंथनाचा काळ होता. दीघनिकायातील सामञ्ञफलसुत्तात मगधाचा राजा अजातशत्रू बुद्धाकडे जातो आणि संन्यासाचे या जन्मी दिसणारे फळ कोणते, असा प्रश्न विचारतो. हाच प्रश्न त्याने पूर्वी सहा आचार्यांना विचारलेला असतो आणि त्यांची उत्तरे तो बुद्धाला ऐकवतो. पूरण कस्सपाच्या मते हिंसेने पाप लागत नाही, दानाने पुण्य मिळत नाही. अजित केसकंबली मृत्यूनंतर काहीच उरत नाही असे सांगतो. पकुध कच्चायन पृथ्वी, आप, तेज, वायू, सुख, दुःख व जीव ही सात द्रव्ये अनिर्मित व अचल मानतो. तलवारीने मस्तक तोडले तरी शस्त्र त्या सातांमधील पोकळीतून जाते एवढेच, कोणी कोणाला मारत नाही, असे त्याचे म्हणणे. संजय बेलट्ठिपुत्त कोणत्याही प्रश्नाचे निश्चित उत्तर देत नाही, आणि निगंठ नातपुत्त म्हणजे महावीर चतुर्विध संयम सांगतो. मक्खली गोसालाचे उत्तर नियतीचे आहे. राजा तक्रार करतो ती अशी, की आंब्याविषयी विचारावे आणि फणसाविषयी सांगावे, तसे या सर्वांनी केले. हे सुत्त बौद्धांच्या सोयीने रचलेले आहे, हे उघड आहे. तथापि या सहांपैकी पूरण व पकुध यांची मते नंतरच्या आजीवक तत्त्वज्ञानात मिसळलेली आढळतात. तेव्हा ते तिघेही एकाच व्यापक परंपरेतील असावेत, हे ए. एल. बॅशम या इतिहासकाराचे मत सामान्यतः मान्य झालेले आहे. नंद वच्छ व किस संकिच्च या गोसालापूर्वीच्या दोन आचार्यांची नावेही पाली ग्रंथांत येतात. म्हणजे गोसाल हा संस्थापक नसून आधीच अस्तित्वात असलेल्या नग्न संन्याशांच्या परंपरेचा संघटक असावा.

गोसालाचे सविस्तर चरित्र भगवतीसूत्राच्या पंधराव्या शतकात आहे. त्याचा पिता मंखली हा चित्रे दाखवून भिक्षा मागणारा ‘मंख’ होता. सरवण गावी एका ब्राह्मणाच्या गोशाळेत आसरा घेतला असता मुलगा झाला, म्हणून त्याचे नाव गोसाल. नालंदा येथे विणकरांच्या शाळेत महावीराशी त्याची गाठ पडली व पुढे सहा वर्षे दोघे एकत्र हिंडले. याच प्रवासातील तिळाच्या रोपट्याची कथा महत्त्वाची आहे. वाटेतील एक रोपटे वाढेल की मरेल, असे गोसालाने विचारले. ते वाढेल व त्याच्या सात फुलांतील जीव एकाच शेंगेत तीळ होऊन जन्मतील, असे महावीराने सांगितले. त्याला खोटे पाडण्यासाठी गोसालाने मागे राहून रोपटे उपटून टाकले. पण पाऊस पडला, मुळे पुन्हा धरली आणि परतताना पाहतात तो शेंगेत सात तीळ. एकाच शरीरात मृत जीव पुन्हा प्रवेश करू शकतो, असा निष्कर्ष गोसालाने यावरून काढला, असे जैन ग्रंथकार सांगतो. वस्तुतः कथेचा ओघ पाहिला, तर तीतून दुसराच निष्कर्ष अधिक सहजपणे निघतो : जे व्हावयाचे ते, कोणी मुळासकट उपटून टाकले तरी, होतेच. नियतिवादाचा दृष्टांत म्हणून आजीवकांतच ही कथा मुळात सांगितली जात असावी आणि जैनांनी ती आपल्या गुरूच्या सर्वज्ञतेसाठी उचलली असावी, असा तर्क करता येतो.

पुढे गोसाल वेगळा झाला, सहा महिने कठोर तप करून त्याने तेजोलेश्या ही दाहक शक्ती मिळविली आणि आपण ‘जिन’ झाल्याचे घोषित केले. जैन कालगणना मानली, तर ही घोषणा महावीराच्या केवलज्ञानापूर्वीची ठरते. श्रावस्तीत हालाहला नावाच्या एका संपन्न कुंभारणीच्या कर्मशाळेत त्याचे ठाणे होते. तेथेच साण, कलंद, कणियार, अच्छिद्द, अग्गिवेसायण व अज्जुन गोमायुपुत्त हे सहा ‘दिशाचर’ त्याला भेटले आणि जुन्या ‘पूर्व’ ग्रंथांतून निमित्तविद्येची आठ अंगे व गीत-नृत्याचे दोन मार्ग त्यांनी संकलित केले. अखेर महावीराने त्याचे पूर्ववृत्त जाहीर केल्यावर संतापून तो त्याच्याकडे गेला. त्याने दोन जैन साधूंना तेजोलेश्येने भस्म केले. महावीरावर सोडलेली शक्ती मात्र उलटून त्याच्याच शरीरात शिरली आणि सात रात्रींत तो दाहज्वराने मरण पावला. महावीराने त्यानंतर सोळा वर्षे जगल्यावर निर्वाण प्राप्त केले, असे परंपरा मानते. मृत्यूपूर्वी गोसालाला पश्चात्ताप झाला व आपल्या प्रेताची विटंबना करून ते श्रावस्तीत फरफटत न्यावे, अशी त्याने आज्ञा केली. शिष्यांनी दार लावून जमिनीवर श्रावस्तीचा नकाशा काढला व आज्ञा शब्दशः पाळून नंतर थाटामाटाने अंत्यविधी केला, असे या वृत्तांताच्या शेवटी आहे. येथे द्वेषाने रंगविलेला भाग वेगळा काढता येतो. पश्चात्ताप जैनांना हवा होता. थाटाचा अंत्यविधी मात्र अनेकांनी पाहिलेला असल्यामुळे तो नाकारता येत नव्हता. बंद दारामागील प्रसंग दोन्हींचा मेळ घालण्यासाठी रचला गेला, हे उघड आहे.

गोसालाच्या अखेरच्या दिवसांतील वर्तनावरून संप्रदायात ‘आठ चरमे’ (अंतिम गोष्टी) मानली जात : अंतिम पेय, अंतिम गीत, अंतिम नृत्य, अंतिम अभिवादन, अंतिम महामेघ, अंतिम गंधहस्ती, महाशिलाकंटक हे अंतिम युद्ध व अंतिम तीर्थंकर म्हणजे स्वतः गोसाल. यांतील महाशिलाकंटक ही अजातशत्रूची वैशालीच्या गणराज्याविरुद्धची लढाई. ज्वरातील बरळणे व मद्यपान असे जैन ग्रंथकार ज्याचे वर्णन करतो, त्याला अनुयायांनी शास्त्राचे रूप दिले, यावरून गुरूविषयीच्या त्यांच्या निष्ठेची कल्पना येते.

नियतिवाद : गोसालाच्या मते प्राण्यांच्या क्लेशाला कारण नाही व शुद्धीलाही कारण नाही. स्वतःचे कर्तृत्व, दुसऱ्याचे कर्तृत्व, बल, वीर्य, पुरुषपराक्रम यांपैकी काहीही खरे नाही. सर्व जीव नियती, संगती (परिस्थितीचा योग) व भाव (स्वतःचा स्वभाव) यांनी परिणत होत असतात. शहाणा असो वा मूर्ख, प्रत्येकाला ८४ लक्ष महाकल्पांची यात्रा करावीच लागते आणि ती संपली की दुःखाचा अंत आपोआप होतो. सुताचा गुंडा फेकला असता दोरा संपेपर्यंत तो उलगडत जातो, हा त्यासाठी दिलेला दृष्टांत. महाकल्पाचे मान भगवतीसूत्रात दिले आहे. तेथे पाचशे योजने लांब, अर्धे योजन रुंद व पाचशे धनुष्ये खोल अशी गंगा कल्पून तिची उत्तरोत्तर सातपट करीत १,१७,६४९ गंगांपर्यंत हिशेब नेला आहे. या सर्वांतील वाळूचा एकेक कण शंभर वर्षांनी काढत ती वाळू संपावयास लागणारा काळ म्हणजे एक ‘सर’ आणि तीन लक्ष सरांचा एक महाकल्प. ही प्रचंड संख्या नुसती अतिशयोक्ती नव्हे. काळाचे माप इतके ठाम व इतके अवाढव्य ठरविले, की एका जन्मातील पापपुण्याची घासाघीस त्यापुढे निरर्थक होते. हाच तिचा हेतू दिसतो.

या यात्रेतील जीवांच्या सहा ‘अभिजाती’ मानल्या होत्या. कृष्ण अभिजातीत कसाई, पारधी, चोर. नील अभिजातीत भिक्षू. लोहित अभिजातीत एकवस्त्र निर्ग्रंथ. हरिद्रा अभिजातीत अचेलकांचे श्वेतवस्त्रधारी गृहस्थ शिष्य. शुक्ल अभिजातीत आजीवक साधू व साध्वी आणि परमशुक्ल अभिजातीत नंद वच्छ, किस संकिच्च व मक्खली गोसाल हे तीनच. अंगुत्तरनिकायात ही विभागणी पूरण कस्सपाच्या नावावर आहे. स्वतःच्या गृहस्थ अनुयायांना परसंप्रदायाच्या भिक्षूंपेक्षा वरची पायरी देणारे हे वर्गीकरण तत्कालीन स्पर्धेचे निदर्शक आहे. तीत जन्मजात वर्णाला स्थान नाही आणि साध्वींचा उल्लेख साधूंच्या बरोबरीने येतो, या दोन्ही गोष्टी लक्षणीय आहेत.

सर्वच ठरलेले असेल तर तप कशासाठी, हा आजीवकांना विचारला जाणारा मुख्य प्रश्न. जैनांच्या उवासगदसाओ या अंगग्रंथात तो एका कुंभाराच्या तोंडून सोडविला आहे. पोलासपूरचा सद्दालपुत्त हा पाचशे दुकानांचा धनी, आजीवक उपासक होता. ही भांडी प्रयत्नाने झाली की प्रयत्नावाचून, असे महावीराने त्याला विचारले. प्रयत्नावाचून, असे त्याने मताला धरून उत्तर दिले. मग कोणी तुझी भांडी फोडली किंवा तुझी पत्नी अग्निमित्रा हिच्यावर अत्याचार केला, तर तू काय करशील? मी त्याला शासन करीन, असे सद्दालपुत्त म्हणाला. आणि त्याच क्षणी वाद हरला. कारण कर्ता नसेल, तर शासन कोणाला? नियतिवादाविरुद्ध भारतात मांडलेला हा सर्वांत प्रभावी युक्तिवाद होय. त्याचे बळ तर्कापेक्षा व्यवहारात आहे : जो सिद्धांत घरावर संकट आले असता पाळता येत नाही, तो मानला जातो असे म्हणता येत नाही.

आजीवकांचे यावरील उत्तर त्यांच्या शब्दांत उपलब्ध नाही. तरी त्यांच्या आचारावरून ते काही अंशी सांगता येते. तप हे मुक्तीचे कारण नसून मुक्ती जवळ आल्याचे लक्षण आहे. ज्याची यात्रा संपत आली, तो आपोआपच तपस्वी होतो, असे ते मानीत असावेत. योहानेस ब्राँकहॉर्स्ट या अभ्यासकाने याहून वेगळी उपपत्ती मांडली आहे. तपाने पूर्वकर्माचा क्षय होतो, असे जैन मानत; आजीवकांच्या मते पूर्वकर्म क्षीण करता येत नाही, ते आपल्या गतीनेच संपते, आणि साधकाने करावयाचे ते एवढेच, की नवी कर्मे थांबवून निश्चल राहावे. ही उपपत्ती मान्य केली, तर पतंजलीने दिलेला मस्करी शब्दाचा अर्थ नेमका लागू पडतो आणि कठोर तप व नियतिवाद यांतील विरोधही बराच मावळतो. केवळ आळशांचे तत्त्वज्ञान, ही आजीवकांविषयीची रूढ समजूत तरी यापुढे टिकणारी नाही.

प्रतिस्पर्धी मतांनी आजीवकांना दिलेली वागणूक सारखी नाही. बुद्धाने कर्म, क्रिया व वीर्य नाकारणाऱ्या मक्खलीच्या मताला केसांच्या कांबळ्याची उपमा दिली आहे. असे कांबळे थंडीत गार, उन्हात तप्त, दिसावयास कुरूप व अंगाला बोचरे असते. बौद्धांना कार्यकारणभाव मान्य होता, पण त्याच साखळीत मनुष्याच्या चेतनेला म्हणजे संकल्पाला स्थान होते. ते काढून टाकले, तर दुःखनिरोधाचा मार्गच उरत नाही. म्हणून हा विरोध तडजोड न होण्यासारखा होता. मज्झिमनिकायात बुद्ध म्हणतो, की मागील एक्याण्णव कल्पांत एकच आजीवक स्वर्गाला गेला आणि तो कर्मवादी होता. जैनांचा वाद मात्र घरच्यासारखा आहे. नग्नता, केशलोच, अहिंसा, षड्लेश्यांची रंगकल्पना यांबाबत दोघांत विलक्षण साम्य आहे. महावीराने वस्त्रत्याग केला तो दीक्षेनंतर तेरा महिन्यांनी; त्यामागे गोसालाचा प्रभाव असावा, असे हेर्मान याकोबीने सुचविले होते. त्यामुळे भांडण जितके कडवे, तितकी जवळीकही दिसते. बौद्ध ज्यांना स्वर्गाचे दार बंद करतात, त्यांना जैन औपपातिकसूत्र मृत्यूनंतर अच्युत या उच्च स्वर्गात पाठविते; आणि दोन साधूंची हत्या करणारा गोसालही पश्चात्तापानंतर तेथेच जन्मतो. पुढे सिद्धसेनाने काल, स्वभाव, नियती, पूर्वकृत व पुरुष या पाचांपैकी एकच कारण मानणे हे मिथ्यात्व, पाचांचा समुच्चय मानणे हे सम्यक्त्व, असे सांगून नियतीला अनेकांतवादात एक मर्यादित जागा करून दिली. वैदिक परंपरेत श्वेताश्वतरोपनिषद् जगत्कारण म्हणून नियतीचा उल्लेख करून ते मत बाजूस सारते. महाभारताच्या शांतिपर्वात मंकी नावाच्या माणसाचे दोन गोऱ्हे एका उंटामुळे नाश पावतात आणि तो दैवाचे प्राबल्य ओळखून विरक्त होतो. मंकी हे नाव मक्खलीची आठवण असावी, असे काही विद्वान मानतात.

आचार : आजीवक साधू नग्न राहत. दीक्षेच्या वेळी केस उपटणे व तप्त गोळा हाती धरणे यांसारखे विधी करीत, असे बौद्ध ग्रंथांवरून कळते. बोलावले असता न जाणे, आपल्यासाठी शिजविलेले अन्न न घेणे, गर्भवती वा स्तनपान देणाऱ्या स्त्रीकडून भिक्षा न घेणे, भुकेला कुत्रा जवळ उभा असता न घेणे असे त्यांचे भिक्षेचे नियम होते. भिक्षा पात्रात न घेता हातात घेत. यांतील बहुतेक नियमांमागे दुसऱ्याच्या तोंडचा घास काढू नये, ही भावना दिसते. औपपातिकसूत्रात दोन, तीन वा सात घरे सोडून भिक्षा मागणारे, कमळाच्या देठांवर राहणारे, वीज चमकली की भिक्षा थांबविणारे, मोठ्या मातीच्या रांजणात बसून तप करणारे असे त्यांचे प्रकार दिले आहेत. सच्चक नावाचा वादी बुद्धापुढे या कडक नियमांचे वर्णन करतो. एवढ्यावर त्यांचे भागते काय, असे बुद्ध विचारतो, तेव्हा मधूनमधून ते उत्तम भोजनही करतात, अशी कबुली तो देतो. विरोधकांची ही कोपरखळी लक्षात घेऊनही तपाचा कडकपणा संशयास्पद ठरत नाही.

त्यांचे गृहस्थ उपासक मातापित्यांची सेवा करीत, उंबर, वड, बोर इत्यादींची फळे, कांदा, लसूण व कंदमुळे वर्ज्य मानीत आणि खच्ची न केलेल्या, नाक न टोचलेल्या बैलांवर व प्राणिहिंसा न होणाऱ्या व्यवसायांवर निर्वाह करीत, असे भगवतीसूत्र सांगते. हालाहला व सद्दालपुत्त यांच्या उदाहरणांवरून कुंभारादी धनिक कारागिरांत संप्रदायाचा चांगला प्रसार असावा. नशिबावर भरवसा ठेवणारे मत उद्यमी वर्गाला कसे रुचले, हे वरकरणी नवल वाटते. पण शकुन व भविष्य सांगण्यात आजीवकांचा लौकिक होता, आणि व्यापार-उदिमाच्या अनिश्चिततेत त्याचे मोल मोठे होते. बौद्ध परंपरेत आजीवक भेटतात तेही सहज, वाटेवर. ज्ञानप्राप्तीनंतर वाराणसीकडे निघालेल्या बुद्धाला प्रथम भेटलेला उपक हा आजीवकच. ‘असेलही’ म्हणून मान हलवीत तो दुसऱ्या वाटेने निघून गेला. बुद्धाच्या परिनिर्वाणाची वार्ता महाकस्सपाला पावा-कुसीनारा मार्गावर मिळाली, तीही एका आजीवकाकडूनच.

राजाश्रय व लेणी : मौर्यकाळ हा आजीवकांच्या उत्कर्षाचा काळ. बिंदुसाराच्या दरबारी असलेल्या पिंगलवत्स या आजीवकाने राजपुत्रांची परीक्षा करून अशोक राजा होईल असे ओळखले, अशी कथा दिव्यावदानात आहे. अशोकाच्या सातव्या स्तंभलेखात बौद्ध संघ, ब्राह्मण व निर्ग्रंथ यांच्याबरोबर आजीवकांसाठीही धर्ममहामात्र नेमल्याचा उल्लेख आहे. बिहारमध्ये गयेच्या उत्तरेस असलेल्या बराबर टेकडीतील सुदामा व विश्वकर्मा ही लेणी त्याने राज्याभिषेकाच्या बाराव्या वर्षी आजीवकांना दिली. त्याचा नातू दशरथ याने अभिषेक होताच शेजारच्या नागार्जुनी टेकडीतील वहियका, गोपिका व वडथिका ही तीन लेणी त्यांच्या वर्षावासासाठी दिली. हे दान चंद्रसूर्य असेपर्यंतचे आहे, असे लेखांत म्हटले आहे. ‘आचंद्रार्क’ ही मराठी दानपत्रांतून परिचित असलेली कल्पना येथे तिच्या फार जुन्या रूपात आढळते. उलट, अशोकावदानात अशोकाने पुंड्रवर्धन येथील एका घटनेवरून अठरा हजार आजीवकांची कत्तल करविल्याची कथा आहे. शिलालेखांचा पुरावा पाहता ती विश्वसनीय ठरत नाही.

ही लेणी भारतातील शैलगृहांपैकी सर्वांत जुनी होत. कठीण ग्रॅनाइटी खडक कोरून भिंती आरशासारख्या झिलईदार केलेल्या आहेत. गोपिका लेणे सु. १४ मी. लांब असून त्याची दोन्ही टोके अर्धवर्तुळाकार आहेत. सुदामा लेण्यात आयताकार दालनामागे गोल खोली आहे. कुडाच्या झोपडीचा वळचणीसकट केलेला तो दगडी अवतार होय. शेजारच्या लोमश ऋषी लेण्याचे आतील काम अपुरे असले, तरी त्याची लाकडी कमानीची नक्कल करणारी दर्शनी बाजू पुढे सह्याद्रीतील भाजे, कोंडाणे, कार्ले येथील चैत्यगवाक्षांत विकसित झालेली दिसते. मुंबईजवळील कोंडिवटे येथील चैत्यात तर दालनामागे गोल गर्भगृह ही सुदामाची योजनाच आढळते. महाराष्ट्रातील बौद्ध लेण्यांच्या वास्तुपरंपरेचा आरंभ अशा रीतीने बौद्धांच्या एका प्रतिस्पर्धी संप्रदायासाठी कोरलेल्या खोल्यांत आहे.

उत्तरेत या संप्रदायाचा ऱ्हास कसा झाला, याची खूण याच लेण्यांत आहे. काही लेखांतील ‘आजीविक’ हे नाव तेवढे छिन्नीने खरवडलेले असून बाकीचा मजकूर शाबूत आहे. पाचव्या-सहाव्या शतकांच्या सुमारास अनंतवर्मा या मौखरी राजाने लोमश ऋषी लेण्यात कृष्णाची, तर नागार्जुनीच्या लेण्यांत कात्यायनी, शिव व देवी यांच्या मूर्तींची स्थापना केली. त्यापूर्वीच आजीवकांचा तेथील वास संपला होता. त्यांना सामाजिक प्रतिष्ठा मिळू नये, असा प्रयत्नही झालेला दिसतो. कौटिलीय अर्थशास्त्रात देवकार्यात वा पितृकार्यात शाक्य, आजीवक आदी संन्याशांना भोजन घालणाऱ्यास शंभर पणांचा दंड सांगितला आहे. वराहमिहिराच्या बृहज्जातकातील संन्याशांच्या यादीत आजीविक आहेत. पण दहाव्या शतकातील टीकाकार उत्पल त्यांना एकदंडी व नारायणभक्त समजतो, आणि नवव्या शतकातील जैन टीकाकार शीलांक गोसालाच्या अनुयायांना त्रैराशिक म्हणजे सत्, असत् व सदसत् अशा तीन कोटी मानणाऱ्या मताशी जोडतो. नाव उरले, पण त्यामागील माणसे विद्वानांच्याही परिचयाची राहिली नव्हती.

अर्वाचीन काळात रूडॉल्फ हर्नले, बेनीमाधव बारुआ आणि मुख्यतः बॅशम (हिस्टरी अँड डॉक्ट्रिन्स ऑफ द आजीविकाज, १९५१) यांनी विखुरलेली साधने एकत्र करून या संप्रदायाचा इतिहास उभा केला. मराठी वाचकांना या श्रमणाचार्यांचा परिचय धर्मानंद कोसंबी यांच्या भगवान बुद्ध या ग्रंथामुळे झाला. जैन धर्माच्या जडणघडणीत आजीवकांचा वाटा आजवर मानला जाई त्याहून पुष्कळ मोठा होता, असे प्योत्र बाल्त्सेरोविच यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात प्रतिपादिले आहे.

दक्षिणेत आजीवकांचे अस्तित्व दीर्घकाळ टिकले. पांडुकाभय राजाने अनुराधपुरात त्यांच्यासाठी निवास बांधल्याचे महावंसात नमूद आहे. शिलप्पधिकारम् या तमिळ महाकाव्यात नायिका कण्णगीचा पिता कन्येवरील संकटाची वार्ता ऐकून सर्व संपत्तीचे दान करतो व आजीवकांत संन्यास घेतो. कोवलनचा पिता बौद्ध भिक्षू होतो. तेव्हा कवीच्या काळी दोन्ही मार्ग सारखेच प्रतिष्ठित असले पाहिजेत. मणिमेखलै, जैनांचे नीलकेशी व तेराव्या शतकातील शैव आचार्य अरुळनंदी याचे शिवज्ञानसिद्धियार यांत आजीवकमताचे खंडन आहे. येथे पकुधाच्या सात द्रव्यांतून निघालेला अणुवाद प्रमुख झालेला दिसतो : चार भूतांचे व जीवाचे अणू नित्य असून त्यांत वाढ, घट वा भेद होत नाही, हालचाल व बदल हा केवळ आभास, म्हणजे ‘अविचलितनित्यत्व’. मर्कली (मक्खली) हा आता आचार्य न राहता मौन धारण करणारा देव बनतो. तत्त्वज्ञानातील प्रयत्नाची जागा आधीच नाहीशी झाली होती. आता गतीची जागाही गेली. अशा देवाची भक्ती करणाऱ्या समाजाला व्यवहारात मात्र कर भरावा लागत होता. कोलार, नेल्लोर व उत्तर अर्काट या भागांतील शिलालेखांत गावांच्या करांच्या यादीत ‘आशुव’ लोकांवरील एक कर येतो. हे लोक जैन असावेत असे पूर्वी मानले जाई. बॅशम यांनी ते आजीवक असल्याचे दाखविले. या नोंदी चौदाव्या शतकात थांबतात.